वजीरबाईंचं वायरलेस कार्ड

४ मार्च

भावजी,

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे ठणठणीत आहेत. आजारी आहे तो तुम्ही दिलेला लॅपटॉप. अकरा वर्षं बिनबोभाट चालला, आणि परवा मी दाताच्या डॉक्टरांकडून घरी आले तर त्याची वाचा बसलेली. चालू होतो, अक्षरं उमटतात, पण वाय-फायचं चिन्हच गायब. 'वायरलेस कार्ड सापडत नाही' म्हणतो. आता त्याच्या पोटात आहे ते त्याला सापडत नाही, तर मला कुठून सापडणार? कोपऱ्यावरच्या दुकानदाराने उघडूनही पाहिला नाही. म्हणाला, फेकून द्या. मी म्हटलं, तुम्हीही बरेच जुने दिसता.

फोन का केला नाही, विचाराल. फोन हॉलमध्ये, तुमच्या बंधुराजांच्या खुर्चीशेजारी. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे मला पक्कं माहीत आहे, फोनवर गुपित सांगणं म्हणजे चौकात उभं राहून ओरडणं.

आणि हे गुपितच आहे. यांना कळता कामा नये. मी बुद्धिबळ खेळते. एका साइटवर, 'वजीरबाई' या नावाने, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं वाय-फाय वापरून. अठरा वर्षांपूर्वी यांच्यासमोर पट उलटून 'पुन्हा बुद्धिबळाला हात लावणार नाही' म्हणून कानाला खडा लावला होता, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्हीच सोंगट्या गोळा करत होता. आता कोणत्या तोंडाने सांगू?

समोरचा खेळाडू 'पाणघोडा'. कोण, कुठला, माहीत नाही. अकरा महिने एकच डाव चाललाय. चाल करायला प्रत्येकी तीस दिवस असतात, आणि प्रत्येक चालीखाली दोन ओळी लिहिता येतात. फार छान लिहितो हो. आमची पैज आहे, तो हरला तर त्याने खरं नाव सांगायचं. आणि तो हरतोय! पण आता चाल माझी. ३० मार्चपर्यंत केली नाही तर मी बाद. जिंकलेला डाव एका कार्डापायी जाणार म्हणजे काय? नेमकं जुळणारं कार्ड शोधून पाठवा. बसवीन मी.

पत्राचं उत्तर घरीच पाठवा. टपाल दुपारी येतं, तेव्हा हे बाइंडिंगच्या कारखान्यात असतात.

तुमची वहिनी


७ मार्च

वहिनी,

साष्टांग नमस्कार, आणि कानाला हात. माझ्या दुकानात रोज दहा लॅपटॉप येतात, पण एवढं मोठं कारस्थान कुणाच्याच मागे नसतं.

जुळणारं कार्ड म्हणजे स्थळ बघण्यासारखं आहे. नुसतं देखणं असून भागत नाही. पहिली गोष्ट उंची. या कार्डात पूर्ण आणि अर्धं अशी दोन मापं असतात, तुमच्या यंत्रात कोणतं ते उघडूनच कळेल. दुसरी गोष्ट वायरी. कार्डाला दोन बारीक वायरी टोचलेल्या असतील, एक काळी, एक पांढरी. कोणती कुठे होती ते कागदावर काढून ठेवा. तिसरी गोष्ट सगळ्यात चमत्कारिक. तुमच्या लॅपटॉपच्या पोटात एक यादी आहे. बनवणाऱ्यांनी मान्य केलेल्या कार्डांचीच नावं त्यात आहेत. दुसरं कुठलंही कार्ड बसवा, कितीही नवं आणि वेगवान असो, 'अनधिकृत' म्हणून हा सुरू व्हायलाच नकार देतो. म्हणून जुन्या कार्डावरचे सगळे आकडे मला हवेत.

आधी चार्जर काढा, मग बॅटरी. खालच्या छोट्या झाकणाला दोन स्क्रू आहेत. वायरी नखाने सरळ वर उचला, ओढू नका.

दादाला काही बोलणार नाही. वचन.

आपला दीर


८ मार्च
मु. कारखाना

बारक्या,

तुझ्या वहिनीने तुला पत्र टाकलं असणारच. आता माझं वाच, आणि वाचून फाडून टाक.

तिचा लॅपटॉप बिघडलेला नाही. मी बिघडवलाय. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा खालचं झाकण उघडलं, ते कार्ड काढलं, त्याच्या जोडणीच्या सोनेरी दातांवर चिकटपट्टी लावली आणि परत बसवलं. पुस्तकं बांधण्यात उभा जन्म गेलाय, दोन मिनिटांचं काम.

हसू नकोस. तो पाणघोडा मी आहे.

गेल्या वर्षी एका दुपारी मी चष्मा विसरलो म्हणून घरी आलो. ती वर गेली होती आणि लॅपटॉप उघडा. पडद्यावर पट मांडलेला, वर नाव 'वजीरबाई'. मला आधी रागच आला. माझ्याशी खेळणार नाही आणि जगाशी खेळते! दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर नाव नोंदवलं आणि तिला डाव मागितला. वाटलं, चार चालींत हरवून बिंग फोडू. अकरा महिने झाले.

बारक्या, अठरा वर्षांपूर्वी मी चाल मागे घेतली होती. घोड्यावरून हात सुटला होता, म्हणजे चाल झाली होती. मी नाही म्हणालो होतो, पण सुटला होता. ते मला कधी तिला तोंडावर सांगता आलं नाही. इथे चालीखाली दोन ओळी लिहायच्या असतात, तर काय काय सुचतं. काल पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं तर घरी मला तीन शब्द सापडले. इथे तिच्या एका उंटाबद्दल मी दोन ओळींच्या जागेत चार ओळी कोंबल्या.

आता मी हरतोय. हरलो की नाव सांगायचं, अशी पैज लावून बसलोय. नाव कळलं की ती लॅपटॉपच मिटून ठेवील. एकदा पट उलटलाय, दुसऱ्यांदा उलटायला तिला वेळ लागणार नाही. मला हा डाव संपू द्यायचा नाही.

तेव्हा तिला न बसणारं कार्ड पाठव. आणि ते यूएसबीत खुपसून वाय-फाय मिळवायचं नखाएवढं यंत्र मिळतं ना, त्याचं नावही काढू नकोस.

दादा


११ मार्च

भावजी,

शस्त्रक्रिया झाली. यांच्या चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने झाकण उघडलं. मध्येच हे घरी टपकले, तर मी लॅपटॉपवर धुतलेले टॉवेल टाकले आणि घड्या घालत बसले. एकच टॉवेल सात वेळा. हे शेजारी उभे राहून बघत होते. कधी नव्हे ते 'चहा करू का' म्हणाले.

कार्ड अर्ध्या मापाचं आहे. दोन स्क्रू, दोन वायरी, काळी 'एक'वर आणि पांढरी 'दोन'वर. चित्र सोबत जोडलंय. सगळे आकडे वेगळ्या कागदावर उतरवलेत, बारकोडखालचेसुद्धा. अकरा वर्षांच्या मानाने कार्ड फार स्वच्छ आहे. नवल वाटलं.

एकोणीस दिवस उरलेत. तुमच्यावर भिस्त आहे.

वहिनी

ता. क. तुमच्या त्या यादीचं ऐकून मला हसू आलं. अकरा वर्षं झाली तरी नव्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाही म्हणजे लॅपटॉप आपल्याच घराण्यातला शोभतो.


१४ मार्च

दादा,

तू मला कुठे नेऊन ठेवलंस! वहिनींनी आकडे इतके सुंदर उतरवून पाठवलेत, की कार्ड बनवणाऱ्यांनीही तसे छापले नसतील. आणि मी, त्यांचं मीठ खाल्लेला माणूस, त्यांना मुद्दाम पूर्ण मापाचं लांबुळकं कार्ड पाठवलंय. झाकण लागायचं नाही इतकं लांब. सोबत चिठ्ठी लिहिली, 'बहुधा हे बसेल'. 'बहुधा' हा शब्द लिहिण्याआधी पेन तीनदा खाली ठेवलं.

पाप तुझं. मी फक्त टपालखर्च केला.

बारक्या


१७ मार्च

दादा,

मागोमाग दुसरं पत्र टाकतोय, कारण सकाळी दाढी करताना एक गोष्ट डोक्यात आली आणि गाल कापला.

तुला डाव संपू द्यायचा नाही, म्हणून तू त्यांची चाल अडवलीस. बरोबर? पण ३० तारखेपर्यंत चाल झाली नाही तर वहिनी बाद, म्हणजे डाव संपला. तूच संपवलास. तेही अशा रीतीने, की जिंकत असताना त्या हरल्या. त्यानंतर त्या पुन्हा त्या साइटचं तोंड तरी बघतील का?

तू बुद्धिबळ खेळतोस ना? दोन चाली पुढचं बघायचं असतं म्हणतात.

बारक्या


१८ मार्च

भावजी,

तुमचं 'बहुधा' आलं. जागा एवढीशी आणि कार्ड वीतभर. बूट घालून पलंगावर पाय पसरल्यासारखं ते बाहेर आलंय. मी अर्धं माप स्पष्ट लिहिलं होतं, खाली रेघ मारली होती. तुमचे डोळे तपासून घ्या, नाहीतर दुकान.

आता धोका पत्करायचा नाही. जुनं कार्डच नमुना म्हणून या पत्रासोबत पाठवतेय, कापसात गुंडाळून. याच्याशी शेजारी ठेवून ताडून बघा, आणि अगदी असंच पाठवा. बारा दिवस उरलेत.

पाणघोडा काय म्हणत असेल? त्याला वाटेल, बाई घाबरल्या.

वहिनी


२० मार्च
कारखाना

बारक्या,

तुझं पत्र वाचलं आणि हातातली दाभण पायावर पडली. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही? मी तसाच घरी पळालो. ती भाजी आणायला गेली होती. म्हटलं चिकटपट्टी काढून टाकू, प्रकरण मिटलं. झाकण उघडलं तर कार्डच नाही! नुसत्या दोन वायरी, एक काळी, एक पांढरी, माझ्याकडे तोंड करून उभ्या. तिचे खण, शिवणाचा डबा, सगळं धुंडाळलं. एवढ्यात ती आली. 'काय शोधताय' म्हणाली. मी म्हटलं, 'सुई.' तिने सुई दिली. मग सुई घेतली म्हणून शर्टाचं एक चांगलं बटण तोडून परत लावावं लागलं.

काल जेवताना दोनदा कॅलेंडरकडे बघितलं तिने. तिचा जिंकलेला डाव आहे रे तो. माझा घोडा, उंट, दोन्ही हत्ती घेतलेत तिने, एकेक किती सुरेख. ते मी बुडवणार?

बरोबर कार्ड पाठव. आकाशपाताळ एक कर, पण यादीतलं, अर्ध्या मापाचं, आजच्या आज पाठव. हरेन. नाव सांगेन. पट उलटला तर उलटला.

दादा


२२ मार्च

वहिनी,

पहिल्या कार्डाबद्दल माफी. डोळे तपासले, नंबर वाढलाय.

खरं सांगायचं तर तुमच्या यादीतलं कार्ड आता सहज मिळत नाही. तीन दुकानं फिरलो. एकाकडे माप बरोबर होतं पण नाव यादीत नाही. दुसऱ्याकडे यादीतलं होतं पण वायर टोचायची टोपणं मोडलेली. तिसरा म्हणाला, मागवतो, पाच आठवडे. शेवटी एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून हे एक नवंकोरं मिळवलं. तुमच्या नमुन्याशी ताडून पाहिलं. तंतोतंत. याच्याइतकं जुळणारं कार्ड जगात दुसरं नाही, हे मी पैजेवर सांगतो.

काळी 'एक'वर, पांढरी 'दोन'वर. दाबल्यावर 'टक्' असं ऐकू आलं पाहिजे. कुरियरने पाठवतोय, परवा मिळेल.

नमुन्याचं कार्ड मात्र माझ्याकडून हरवलं. त्याबद्दलही माफी.

आपला दीर


२५ मार्च

भावजी,

नवंकोरं कार्ड मिळालं. टक् झालं. चालू झालं. आता बसा, आणि जवळ पाण्याचा ग्लास ठेवा.

नमुना पाठवायच्या आधी मी त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ठिपका काढला होता. तुमच्या जुन्या ओळखीच्या माणसाकडच्या नव्याकोऱ्या कार्डावरही तसाच ठिपका निघाला. तंतोतंत म्हणजे किती तंतोतंत!

चिकटपट्टी मला दहा तारखेलाच दिसली होती. पारदर्शक, सुरीने कापलेली, काठ असे सरळ की दृष्ट लागावी, आणि एका कोपऱ्याला बारीकशी घडी. आमच्या घरातल्या प्रत्येक चिकटपट्टीच्या टोकाला हे तशी घडी घालतात, पुढच्या वेळी नखाला सापडावी म्हणून. बत्तीस वर्षं बघतेय. चोरी करतानाही यांना वाटलं, पुढच्या माणसाला काढायला सोपं जावं!

पट्टी काढून कार्ड बसवलं, तर सगळं चालू. पण हे असं का करतील, हे कळेना. म्हणून मागचा सगळा डाव उघडून पाणघोड्याच्या ओळी पहिल्यापासून वाचल्या. डिसेंबरात त्याने लिहिलं होतं, 'तुमची प्याद्यांची फळी जुजबंदी शिलाईसारखी आहे, एक पान सुटत नाही.' तेव्हा मी नुसती खूश झाले होते. आता जुजबंदी हा शब्द वापरतं कोण, भावजी? पानांचे जुडगे एकेक शिवून पुस्तक बांधणारा माणूस. तो मला एकच माहीत आहे, आणि मी हे वाचत होते तेव्हा तो स्वयंपाकघरात माझ्यासाठी वाईट चहा करत होता.

मग मी पट्टी परत लावली, घडीसकट, आणि बघत बसले. म्हटलं, हे दोघे भाऊ कुठवर जातात ते बघू. लांबुळकं कार्ड आलं तेव्हाच कळलं, तुम्हीही सामील. वरच्या बाईंनी तर त्याच दिवशी यूएसबीचं नखाएवढं यंत्र आणून दाखवलं, पाच मिनिटांत काम होतं म्हणे. तुमच्यासारख्या दुकानदाराला ते माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. या माणसाने अकरा महिने माझ्या एकेका चालीवर विचार केला आणि मला काय काय लिहिलं. ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, 'एकदा एका चांगल्या खेळाडूसमोर मी चाल मागे घेतली होती. हात सुटला होता. अजून टोचतं.' मी मूर्ख, त्याला उत्तर दिलं होतं, 'जाऊ द्या हो, ती विसरली असेल.' ते आता आठवून मी किती वेळ हसले आणि मग रडले. फार बरं वाटलं, भावजी. खरंच फार बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाका, पट काढा, बसा समोरासमोर. मुळीच नाही. समोर बसले की यांची दातखीळ बसणार आणि मला पुन्हा पाण्याच्या टाकीवर तीन शब्द मिळणार. आणि मी जिंकले तर यांना नाव सांगावं लागेल, म्हणजे पाणघोडा गेला. मुद्दाम हरायचं म्हणाल, तर ते या जन्मी जमणार नाही.

आज दुपारी चाल केली. वजीर दोन घरं सरकवला असता तर पुढच्या चालीत मात होती. लहान मुलालाही दिसली असती. मी कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे ढकललं.

यांना यातलं एक अक्षर कळलं, तर तुमची दोन्ही कार्डं तुमच्या दुकानाच्या दारावर खिळ्याने ठोकीन.

वहिनी


२८ मार्च
कारखाना

बारक्या,

तू माणूस नाहीस, देव आहेस. ते कार्ड कुठून पैदा केलंस? परवा सकाळी कॉम्प्युटर उघडला तर तिची चाल आलेली. मी डोळे मिटून, पाणघोड्याचं खरं नाव तिला कसं लिहायचं, याची तयारी करून बसलो होतो. डोळे उघडले आणि बघतो तर काय, तिला मात दिसलीच नाही! समोर धडधडीत होती, वजीर दोन घरं. आणि हिने कोपऱ्यातलं प्यादं हलवलं. मी तीनदा चष्मा पुसला.

वाचलो रे. आता हा डाव पावसाळ्यापर्यंत सहज जातो. मी माझा राजा हळूच आडोशाला नेला.

पण तुला सांगतो, जिवाला जरा लागलं. इतका सुंदर खेळ होता तिचा, आणि आता हे. वय झालं, दुसरं काय. नजर पहिल्यासारखी राहिली नाही. यापुढे मलाच जरा सांभाळून, हात राखून खेळावं लागेल, तिला कळू न देता. तूही तिच्याजवळ काही बोलू नकोस, उगाच मनाला लावून घेईल. मी त्या चालीखाली लिहून टाकलंय, 'वा! फार खोल चाल केलीत, मला तर काही सुचेनासंच झालं.' बिचारी वाचून खूश झाली असेल.

दादा